एक झेंडा, दोन तारखा

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. १५ ऑगस्टला झेंडा खांबाच्या पायथ्याशी बांधतात आणि दोरी ओढून वर चढवतात; २६ जानेवारीला मात्र तो आधीच टोकाला बांधून ठेवतात आणि नुसता उलगडतात, एका दिवशी मान पंतप्रधानांचा तर दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींचा, असं त्यात लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला आपल्या शाळेचं पटांगण आठवतं आणि तो बुचकळ्यात पडतो. तिथे तर दोन्ही दिवशी एकच प्रकार असतो. पीटीचे सर सकाळी लवकर येऊन झेंड्याची गुंडाळी करतात, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या भरतात, गुंडाळी वर चढवून ठेवतात आणि पाहुण्यांनी दोरीला हिसका दिला की पाकळ्यांचा सडा पडतो.

मग संदेश खोटा का? नाही. त्यात सांगितलेली रीत आहे, आणि तिच्यामागे कारणही आहे. पण ते कळायला या दोन तारखा आल्या कुठून हे आधी पाहावं लागतं, कारण त्यांतली एक आपण स्वतः निवडली होती आणि दुसरी आपल्याला दिली गेली.

आधी आली ती २६ जानेवारी

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. साम्राज्यात राहून थोडेफार अधिकार मागायचे की संपूर्ण स्वातंत्र्य मागायचं, हा वाद बरीच वर्षं चालला होता. तो तिथे संपला. पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी झेंडा उभारला गेला. लगेच २ जानेवारीला कार्यकारिणीने ठरवलं की, जानेवारीचा शेवटचा रविवार देशभर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळायचा. १९३० साली तो रविवार आला २६ तारखेला.

त्या दिवशी गावोगावी लोक जमले, झेंडा लावला आणि स्वराज्याची प्रतिज्ञा मोठ्याने वाचली. पुढची सतरा वर्षं भारतातला स्वातंत्र्य दिन म्हणजे २६ जानेवारीच होता. राज्य इंग्रजांचं असताना, पकडले जाण्याची तयारी ठेवून लोकांनी तो पाळला.

त्या काळी नुसता झेंडा हातात घेणं किती जोखमीचं होतं, हे नागपूरने आधीच पाहिलं होतं. १९२३ साली तिथे झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या साहेबांची वस्ती. त्या बाजूला चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणूक न्यायची नाही, असा हुकूम होता. सत्याग्रहींची तुकडी निघायची आणि थेट तुरुंगात जायची. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तयार. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून लोक येत राहिले, दीड हजारांहून अधिक जण तुरुंगात गेले आणि ऑगस्टमध्ये सरकारला मिरवणूक जाऊ द्यावी लागली. शाळेतल्या इतिहासात या प्रकरणाला एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्याला एक पूर्ण धडा मिळायला हवा, कारण कापडाच्या एका तुकड्याचा राष्ट्रध्वज कसा होतो ते नागपूरच्या रस्त्यावर दिसलं.

१५ ऑगस्ट कुणी ठरवली?

फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी जाहीर केलं की, जून १९४८ पर्यंत भारतातली सत्ता सोपवली जाईल. मार्चमध्ये लॉर्ड माउंटबॅटन शेवटचे व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत आले. पंजाबात दंगली पेटल्या होत्या, अंतरिम सरकारात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचं पटत नव्हतं, आणि सैन्य व पोलीस किती दिवस हुकूम पाळतील याची खात्री उरली नव्हती. माउंटबॅटन यांनी मुदत अलीकडे ओढली. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी तारीख सांगून टाकली: १५ ऑगस्ट.

हीच का? दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती होते. जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली ती १५ ऑगस्ट १९४५ ला. त्या विजयाला दोन वर्षं पूर्ण होत होती म्हणून हा दिवस निवडला, असं माउंटबॅटन यांनीच पुढे ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’च्या लेखकांना सांगितलं. म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या राष्ट्रीय सणाची तारीख एका ब्रिटिश सेनानीच्या युद्धातल्या आठवणीवरून पडली.

३ जून ते १५ ऑगस्ट हे अंतर अवघं ७३ दिवसांचं. एवढ्यात सैन्य, रेल्वे, तिजोरी, सरकारी कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यासुद्धा वाटायच्या होत्या. सीमारेषा आखायला नेमलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले, आणि त्याआधी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता. या घाईची किंमत पंजाब आणि बंगालमधल्या लाखो कुटुंबांनी मोजली. १५ ऑगस्टच्या आनंदाबरोबर ही गोष्टही मुलांना सांगायला हवी. गांधीजी त्या दिवशी दिल्लीत नव्हते. कलकत्त्यात बेलियाघाटच्या हैदरी मंझिल या पडक्या घरात मुक्काम ठोकून ते दंगल थांबवत होते, आणि तो दिवस त्यांनी उपवास आणि सूतकताईत घालवला.

रात्री बाराच का?

ब्रिटिश संसदेने केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याला १८ जुलैला राजाची संमती मिळाली. १५ ऑगस्टपासून दोन स्वतंत्र राष्ट्रं अस्तित्वात येतील, असं त्यात म्हटलं होतं. कायद्याच्या हिशेबात दिवस सुरू होतो तो मध्यरात्री. १४ तारखेला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी भारत ब्रिटिशांचा होता आणि एका मिनिटाने नव्हता. सत्ता बदलते तेव्हा अशी नेमकी रेघ लागतेच. तिच्या अलीकडचा हुकूम कुणाचा आणि पलीकडचा कुणाचा, हे ठरलेलं असावं लागतं.

दुसरं कारण पंचांगाचं सांगतात. १५ तारीख अशुभ असल्याची ज्योतिष्यांची तक्रार होती. आपल्याकडे तिथी सूर्योदयापासून धरतात, तर इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. मध्यरात्रीचा मुहूर्त धरला की इंग्रजी हिशेबाने १५ तारीख लागलेली असते आणि पंचांगाच्या हिशेबाने आदला दिवसच चालू असतो. दोघांचंही समाधान.

संविधान सभा १४ ऑगस्टच्या रात्री ११ वाजता बसली. अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद होते. सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं, नेहरूंचं भाषण झालं, राधाकृष्णन बोलले आणि बाराचे ठोके पडल्यावर सदस्यांनी उभं राहून शपथ घेतली. त्यानंतर हंसाबेन मेहता यांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला. झेंड्याचा नमुना जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २२ जुलैला, याच सभेने मंजूर केला होता. तेव्हा नेहरूंनी सदस्यांना दोन झेंडे दाखवले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती.

*चौकट: पाकिस्तानचा दिवस एक दिवस आधी कसा?*
*कायदा एकच होता, त्यामुळे दोन्ही देश एकाच क्षणी, १५ ऑगस्टला, स्वतंत्र झाले. पण माउंटबॅटन एका रात्री दोन्हीकडे असू शकत नव्हते. म्हणून ते १४ ऑगस्टला कराचीतल्या समारंभाला गेले आणि तिथून दिल्लीला परतले. पाकिस्तानने १९४८ मध्ये काढलेल्या पहिल्या टपाल तिकिटांवर १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख छापलेली आहे. त्याच वर्षापासून मात्र तिथला दिवस १४ ऑगस्टला साजरा होऊ लागला.*

ताबा मिळाला, नाव तेच राहिलं

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, पण त्याचा दर्जा होता ‘डोमिनियन’चा. वाडा विकत घेतला, ताबा मिळाला, आपण राहायलाही आलो, पण दप्तरी अजून जुन्या मालकाचंच नाव लागलेलं आहे, अशी ती अवस्था. वाड्यात भिंत कुठे पाडायची, दार कुठे ठेवायचं हे आता आपणच ठरवणार. कागदावरची नोंद फिरायची मात्र बाकी होती.

कागदावर राष्ट्राचा प्रमुख होता इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. त्याचा प्रतिनिधी म्हणून आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. लोकांच्या खिशातल्या नाण्यांवर राजाचाच मुखवटा होता. अशोकस्तंभाच्या सिंहांची नवी नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. लष्कराचे प्रमुख १५ जानेवारी १९४९ पर्यंत इंग्रजच होते, त्या दिवशी करिअप्पांनी सूत्रं घेतली आणि म्हणून तो सेना दिन. नौदलाला पहिला भारतीय प्रमुख मिळायला तर १९५८ साल उजाडलं. खटल्याचं शेवटचं अपील १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाऊ शकत होतं.

नोंद फिरवायची तर त्यासाठी स्वतःचा दस्त हवा होता. तो दस्त म्हणजे संविधान. २६ नोव्हेंबर १९४९ ला ते पूर्ण होऊन स्वीकारलं गेलं. नागरिकत्व आणि निवडणुकांसारखी काही कलमं त्याच दिवशी लागू झाली, पण बाकीचं संविधान दोन महिने थांबवलं. रावीकाठच्या ठरावानंतर ज्या तारखेला लोकांनी पहिली प्रतिज्ञा घेतली होती, ती तारीख १५ ऑगस्टमुळे मागे पडली होती. तिला पुन्हा मान द्यायचा होता. २६ जानेवारी १९५० च्या सकाळी भारत प्रजासत्ताक झाला, आणि राजेंद्र प्रसादांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. त्या दोन महिन्यांच्या थांबण्यात मला संविधानकर्त्यांची मोठी समज दिसते.

म्हणून दोरी वेगळी

आता पुन्हा झेंड्याकडे. १५ ऑगस्ट १९४७ ला एक झेंडा उतरला आणि दुसरा वर चढला. ते चढणं दाखवायचं म्हणून १५ ऑगस्टला झेंडा खालून वर नेण्याची रीत. त्या वेळी राष्ट्रपती हे पदच नव्हतं, म्हणून मान पंतप्रधानांचा. राष्ट्रपती १४ तारखेच्या संध्याकाळी देशाला उद्देशून बोलतात. २६ जानेवारी १९५० ला देश आधीच स्वतंत्र होता आणि झेंडा आधीच वर होता, बदलली होती ती राज्याची घडण. म्हणून वर असलेला झेंडा उलगडायचा, तोही नव्या राज्यघटनेने ज्यांना राष्ट्रप्रमुख केलं त्या राष्ट्रपतींच्या हस्ते. हा सगळा संकेत आहे. गावच्या शाळेने दोन्ही दिवशी पाकळ्यांची गुंडाळी उलगडली तर त्यात काही चुकत नाही. ध्वजसंहितेतल्या शाळांसाठीच्या नमुना सूचनांत उलगडण्याचाच उल्लेख आहे. विद्यार्थ्यांनी तीन बाजूंना उभं राहायचं, चौथ्या बाजूला मधोमध खांब, आणि मुख्याध्यापक खांबाच्या तीन पावलं मागे.

गुंडाळीचं सगळं यश गाठीवर असतं. झेंड्याची घडी घालून गुंडाळी केली की तिच्याभोवती दोरीचा वेढा देतात आणि दोरीचा एक पदर दुमडून त्यात अडकवतात. ही झाली सुरगाठ: खालून ओढलं की दुमडलेला पदर सुटतो, वेढा मोकळा होतो आणि वारा उरलेलं काम करतो. घाईत पदराऐवजी पूर्ण टोक आत गेलं की तिची निरगाठ होते. मग पाहुणे ओढत राहतात तशी ती आणखी आवळते, आणि सगळं पटांगण वर बघत राहतं. चढवण्याआधी खालीच एकदा ओढून पाहणारे सर म्हणूनच शहाणे. झेंडा चढवायचा तो झपझप आणि उतरवायचा तो सावकाश, हाही संहितेतलाच नियम.

लाल किल्ल्याबाबत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नेहरूंनी तिथे पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १५ नाही, १६ ऑगस्ट १९४७ ला. १५ तारखेचा संध्याकाळचा मोठा समारंभ इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कात झाला होता आणि गर्दी आवरेनाशी झाली होती. किल्ला निवडण्यालाही अर्थ होता. १८५७ च्या उठावानंतर बहादूरशहा जफरवर खटला चालला तो याच किल्ल्यात. १९४५ च्या अखेरीस आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या अधिकाऱ्यांवर इंग्रजांनी खटला भरला तोही तिथेच. बचावाची धुरा भुलाभाई देसाईंनी वाहिली आणि नेहरूंनी अनेक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवला. नेताजींच्या ‘चलो दिल्ली’चा रोख याच तटाकडे होता.

राज्यांमध्ये १५ ऑगस्टचा मान १९७३ पर्यंत राज्यपालांचा होता. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी तो लोकांनी निवडलेल्या मुख्यमंत्र्यांना मिळावा असा आग्रह केंद्राकडे धरला आणि १९७४ पासून तसं सुरू झालं. म्हणून मंत्रालयात १५ ऑगस्टला मुख्यमंत्री असतात आणि २६ जानेवारीला शिवाजी पार्कात राज्यपाल.

जिथे तो दिवस पोहोचला नाही

रॅडक्लिफ यांची सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. पश्चिम बंगालमधल्या नदिया आणि मालदा जिल्ह्यांच्या काही भागांत तोवर आपण पाकिस्तानात गेलो असं लोक धरून चालले होते. तिथल्या काही गावांत आजही १८ ऑगस्टला झेंडा लावतात.

मराठवाड्याची वाट त्याहून लांबची होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजामाला भारतात यायचं नव्हतं. तिरंगा लावणं तिथे गुन्हा ठरत होतं. पुण्या-मुंबईत १५ ऑगस्ट साजरा होत होता त्याच दिवशी हैदराबादच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अटकेत गेले. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा जाच, सीमेवरच्या छावण्या, भूमिगत लढा हे सगळं आणखी तेरा महिने चाललं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडावंदन होतं ते म्हणून. इतर महाराष्ट्रातल्या कितीतरी शिकल्यासवरलेल्या माणसांना ही तारीख सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं.

गोव्यात पोर्तुगीज होते आणि ते तर हलायलाच तयार नव्हते. मे १९५५ मध्ये सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्दीत शिरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून आत गेले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग पडले. तिथे आज हुतात्मा स्मारक आहे. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला.

झेंड्याचं कापड येतं कुठून?

सरकारी इमारतीवर लागणारा खादीचा झेंडा कुठल्याही खादीचा शिवता येत नाही. देशात वस्तूंची प्रमाणं ठरवायला सुरुवात झाली तेव्हा राष्ट्रध्वजाच्या प्रमाणाला क्रमांक मिळाला एक, ‘आयएस १’. सुताची जाडी, विणीतल्या धाग्यांची संख्या, रंगाच्या छटा, शिवणीचा दोरा, सगळं त्यात बांधून दिलं आहे. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२. मापं नऊ: सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे एखाद्या खोलीएवढं, आणि सगळ्यात लहान टेबलावरचं १५० बाय १००. खांबाकडच्या कडेला वेगळ्या, जाड विणीच्या खादीची नळी शिवतात, तिच्यातून दोरी ओवतात आणि वरच्या टोकाला लाकडी खुंटी बसवतात. वाऱ्याचा सगळा ताण ही कडा सोसते. अशोकचक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं आणि आरे मोजून २४.

असे झेंडे बनवणाऱ्या संस्था देशात थोड्याच आहेत. एक हुबळीजवळ बेंगेरीला आहे, दुसरी नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. हैदराबादच्या लढ्यातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांच्या पिढीने ती उभी केली. ज्या जिल्ह्यात १९४७ साली तिरंगा लावायला बंदी होती, तिथून आज सरकारी कचेऱ्यांचे झेंडे जातात.

झेंडा फाटला तर

१५ ऑगस्टच्या संध्याकाळी झेंड्याचं काय करायचं, हा प्रश्न आता घराघरात येतो. सामान्य नागरिकाला वर्षभर झेंडा लावण्याची मोकळीक २००२ च्या ध्वजसंहितेने दिली. तो सन्मानाने लावणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नवीन जिंदल खटल्यात सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, आणि जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो.

भगवा वर, झेंडा फाटका किंवा मळका नको, त्याच्यावर काही लिहायचं नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. विटला, फाटला तर त्याचा कापड म्हणून दुसरा वापर करायचा नाही. एकांतात, पूर्ण झेंडा एकदम, शक्यतो जाळून, त्याचा मान राखून नष्ट करावा, असं संहिता सांगते. कागदी झेंडेही कार्यक्रम संपल्यावर रस्त्यावर टाकायचे नाहीत. १६ ऑगस्टच्या सकाळी पटांगणात आणि सिग्नलपाशी पडलेले झेंडे गोळा करायला शाळेतली मुलं निघाली, तर त्यांच्याबरोबर जावं, आणि चिरगुटं न करता ते अख्खेच्या अख्खे एका स्वच्छ पिशवीत भरावेत.